तात्यांचा फाटका आवाज

बाळा खवणेकराचे कान सोन्याचे आहेत, हे रत्नप्रभा लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. सांगणारा दुसरातिसरा कुणी नाही, तो स्वतःच. शेजारच्या पंख्याच्या बेअरिंगला तेल हवंय, हे त्याला आपल्या घरात बसून कळायचं. कुकरची शिट्टी रोजच्यापेक्षा जरा चढी वाजली की हा स्वयंपाकघराच्या दारात हजर. बायको सकाळपासून काय सांगतेय, ते मात्र त्या सोन्याच्या कानांत कधी शिरलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याची नोकरी अंधेरीला, एका औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. गोळीवर एक काळा ठिपका दिसला की अख्खी बॅच बाद. उभा जन्म हेच केलेलं, त्यामुळे निवृत्त होऊन बोरिवलीला काजूपाड्यातल्या घरी बसला तरी हात थांबेनात. भाजीवाल्याची मेथी बाद, सुनेचा चहा बाद, सोसायटीचा नवा वॉचमन तर पहिल्या दिवशीच बाद. घरातलं गाणंही त्याने असंच बाद केलं. रत्नप्रभाने चपात्या लाटताना मोबाईलवर काही लावलं की आतून हाक यायची, तो डबा बंद कर म्हणून. तिचा जुना रेडिओ तर त्याने तिला न विचारताच भंगारवाल्याला दिला, खरखरतो म्हणून. गाणं ऐकायचं तर नीट ऐकावं, नाहीतर ऐकू नये, हे त्याचं ब्रह्मवाक्य. आणि नीट कधी ऐकायचं? तर चांगलं साऊंड कार्ड आलं की. ते काही येत नव्हतं. तोवर घर मुकं.

साऊंड कार्ड म्हणजे काय, हे आता रत्नप्रभाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कॉम्प्युटरच्या पोटात गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा आवाज करते ती वस्तू म्हणजे साऊंड कार्ड. कॉम्प्युटरबरोबर एक आयतं येतंच, पण बाळाच्या मते त्यावर गाणं ऐकणं म्हणजे गिरणीत बसून तंबोरा लावणं. आजूबाजूच्या सगळ्या पार्टांची खरखर त्यात उतरते. मग कॉम्प्युटरच्या पेटीत बसवायचं भारी कार्ड घ्यावं, की वायरीने बाहेर जोडायची वेगळी डबी घ्यावी? हेडफोन चांगला वाजवणारं घ्यावं, की स्पीकर चांगले वाजवणारं? या प्रश्नांवर बाळा रोज सकाळी चहा गार होईपर्यंत इंटरनेटवर वाचत बसायचा आणि जगातल्या अनोळखी लोकांशी वाद घालायचा. माणूस मुलीसाठी स्थळ बघताना इतकी चौकशी करत नाही.

हे असंच चाललं असतं आणि रत्नप्रभाने सोडूनही दिलं असतं. तिची सवय होती सोडून द्यायची. पण मध्ये धाकूची कॅसेट आली.

धाकू तिचा धाकटा भाऊ, राहायला घाटकोपरला भटवाडीत. एके काळचा नावाजलेला भजनी बुवा. मुंबईतल्या कोकणी वस्त्यांत डबलबारीचं भजन लागलं, म्हणजे दोन मंडळं समोरासमोर बसून रात्रभर एकमेकांना गाण्यातून टोले देऊ लागली, की एका बाजूला धाकूबुवा हवाच. पेटीवर बोटं टाकून त्याने गजर सुरू केला की पखवाजवाल्याची मान आपोआप डोलायची. तो आवाज आता नव्हता. गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला. गळ्याशी एक भोक, त्यावर पांढऱ्या कपड्याची पट्टी, आणि बोलायचं ते नुसते ओठ हलवून. ते ओठ घरात एकट्या रत्नप्रभालाच वाचता यायचे. लहानपणी तात्यांच्या धाकाने दोघं भावंडं असंच बिनआवाजाचं बोलायची, ती सवय आता कामाला आली.

तात्या म्हणजे त्यांचे वडील. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. धाकूने वर्कशॉपची कायम नोकरी सोडून पेटी धरली, तेव्हापासून त्यांनी पोराशी बोलणं टाकलं. घरात समोरासमोर जेवायला बसले तरी निरोप मुलीमार्फत. तुझ्या भावाला सांग, आमटी हवी तर घे म्हणावं. असं किती वर्षं चाललं, त्याला सुमार नाही. मग एकदा भटवाडीतच मोठी बारी लागली. समोरच्या बुवाने धाकूला असं कोंडीत पकडलं की लोक उठायला लागले. आणि धाकूने असा गजर उचलला, की उठलेले परत बसले. गजर संपला तेव्हा गर्दीतून एक म्हातारा वाट काढत स्टेजवर चढला. हातात बक्षिसाची नोट. बक्षीस देणाऱ्याने दोन शब्द बोलायची पद्धतच असते, म्हणून कुणीतरी माईक पुढे केला. तात्यांनी तो तोंडाला लावला आणि ओरडले, "शाबास रे माज्या झिला! तुजो बापूस हरलो!"

जन्मभर साच्यांच्या खडखडाटात बोललेला माणूस तो, हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. लाऊडस्पीकरचे भोंगे किंचाळले, लोक हसले, टाळ्या पडल्या. धाकू पेटीवर डोकं ठेवून रडला. त्याच पावसाळ्यात तात्या गावी गेले आणि तिकडेच वारले. बापलेकांत त्या एका वाक्यापलीकडे दुसरं बोलणं झालं नाही.

त्या बारीची एकच कॅसेट होती. ऑपरेशननंतर धाकूने ती कपाटातून काढली, पण वाजवणार कशावर? आतल्या टेपच्या पट्टीला बुरशी आलेली. चांगल्या अवस्थेतला कॅसेट डेक सगळ्या नात्यागोत्यात एका बाळाकडे, तोही मखमलीत गुंडाळून ठेवलेला. म्हणून धाकू स्वतः घाटकोपरहून बोरिवलीला आला, भावोजींच्या पुढ्यात कॅसेट ठेवली आणि हात जोडले. मग त्याने बहिणीकडे वळून ओठ हलवले. रत्नप्रभाने ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं, "तो म्हणतोय, माझं गाणं कसंही येऊ दे. गजर संपल्यावर तात्या बोललेत, तेवढं फक्त सांभाळा."

बाळा कॅसेट उजेडात धरून पट्टी तपासत होता. हो हो, म्हणाला. अशी पट्टी फार तर एकदा चालेल, म्हणाला. एकदाच्या चालण्यात ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची, तर उतरवणारं कार्डही तेवढ्याच तोलाचं हवं. आता मात्र कार्ड घेतल्याशिवाय सुटका नाही. आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की रत्नप्रभाला वाटलं, चला, भावाच्या निमित्ताने का होईना, एकदाचं घरात गाणं येईल. बाई भोळीच.

सर्वेश, त्यांचा मुलगा, गोरेगावला राहतो. तो म्हणाला, पप्पा, डेकच्या शेजारी मोबाईल ठेवा आणि रेकॉर्ड करा, मामाला आजच्या आज ऐकवू. बाळाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पोराने देवघरात चप्पल घातली. मग सुरू झालं विपुलच्या दुकानाचं वारीसारखं जाणंयेणं. विपुल शाहचं बोरिवली वेस्टला स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान. बिचारा गोड बोलणारा, पण बाळाने त्याचंही तोंड आंबट केलं. पहिलं कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीत बसवायचं. बाळाने आठवडाभर त्यावर इंटरनेटवरची भजनं वाजवून ते परत केलं, का तर गाणं थांबलं की त्यात बारीक सूंऽऽ ऐकू येतं. दुसरी डबी बाहेर जोडायची. गाणं वाजताना आवाज स्वच्छ, पण त्यात कॅसेट उतरवून घ्यायला जागाच नाही, नुसतीच ऐकायची. हे घ्यायच्या आधी बघायला नको? तर तो विपुलचा दोष. तिसरीत झांज काचेसारखी लागते. विपुलने शेवटी रत्नप्रभालाच फोन केला आणि आपल्या मराठीत विचारलं, काकी, काकांना नक्की काय ऐकायचा आहे? तिने मनात म्हटलं, बाबा, ते मला कळलं असतं तर मी इथे असते का.

सूंऽऽ मात्र डबी बाहेर जोडली तरी जाईना. मग बाळाच्या डोक्यात आलं की ती फ्रिजची आहे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. झालं, कार्ड तपासायला बसला की फ्रिज बंद. एका रविवारी रत्नप्रभा देवळातून आली तर फ्रिजखाली पाण्याचं तळं आणि आत सुरमईचा वास सुटलेला. ती ओरडली. हेडफोन कानावर असल्यामुळे त्याने हात वर करून तिला थांबायची खूण केली. मग हेडफोन काढून म्हणाला, आत्ता या क्षणी पखवाजाची शाई ऐकू येत होती मला, शाई, आणि तू मासळीचं काय घेऊन बसलीस. सुरमई तिने भटक्या मांजरांना घातली. मांजरांनी तरी ती बाद केली नाही.

असे महिने गेले. भटवाडीहून धाकूच्या बायकोचे, सुगंधाचे फोन यायचे. त्यांचं वजन उतरतंय, म्हणायची. परत तपासण्या लावल्यात. रोज खुणा करून विचारतात, बोरिवलीहून काही निरोप आला का. रत्नप्रभा फोन ठेवून नवऱ्यासमोर उभी राहायची आणि सांगायची, अहो, तो थांबायचा नाही हो. गाणं कसंही चालेल त्याला, तात्यांचं तेवढं वाक्य ऐकवा. बाळा म्हणायचा, हो हो. धाकूबुवांसारख्या माणसाला मी फाटकंतुटकं ऐकवू? माझ्या हातून ते होणे नाही. आणि हे तो ढोंग म्हणून म्हणत नव्हता, हीच तर रड होती. त्याला मनापासून वाटत होतं की तो मेव्हण्याची पूजा बांधतोय.

अखेर चौथं कार्ड त्याच्या पसंतीला उतरलं. काळी, जड, हातभर वायरीची डबी. ऐकायला वेगळी जागा, उतरवायला वेगळी. बाळाने तिला हळदकुंकू लावलं, वर जास्वंद ठेवली, नारळ फोडला. नेमकं त्याच आठवड्यात सर्वेशच्या धाकटीला ताप आला आणि सून निधी ऑफिसमुळे अडकली, म्हणून रत्नप्रभाला गोरेगावला जाऊन राहावं लागलं. जाताना चप्पल घालता घालता तिने पुन्हा सांगितलं. तात्यांचा आवाज. त्याने डबीवरून नजर न काढता मान हलवली.

ती परतली तेव्हा काम फत्ते. झकास झालंय, बाळा म्हणाला, तू ओळखणार नाहीस. तिने ऐकवा म्हटलं, तर नाही. रविवारी धाकूबुवांसमोरच पहिल्यांदा वाजणार. तिने देव पाण्यात घालून ठेवले होते भाऊ तोवर राहावा म्हणून. देवांनी तेवढं ऐकलं. खरंच, देवांचं या गोष्टीत काही चुकलं नाही.

रविवारी दुपारी धाकू आला, सुगंधाचा हात धरून, टॅक्सीने. शर्ट अंगावर टांगल्यासारखा. गळ्याची पट्टी नवी, इस्त्रीची. बाळाने त्याला बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं, स्पीकर मोजून मापून लावलेले. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. आधी कार्डावर भाषण झालं. ते संपता संपेना, तेव्हा रत्नप्रभा म्हणाली, लावा आता. मग बाळाने लावलं.

खोटं कशाला बोलायचं, आवाज असा आला की तिच्या अंगावर काटा उभा राहिला. धाकू समोर मुका बसलाय आणि धाकूच घरभर गातोय. पेटीचा भाता ऐकू येत होता. नमन झालं, अभंग झाला. धाकूचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. मधूनच बाळा म्हणे, ही झांज बघा डावीकडून, आता हा कोरस बघा. बोलू नका म्हणायला धाकूकडे आवाज नव्हता आणि सुगंधाकडे हिंमत. गवळण झाली. मग तो गजर आला. धाकूची बोटं मांडीवर पेटी वाजवायला लागली. गजर चढला, चढला, शेवटच्या तिहाईवर थांबला, आणि धाकू खुर्चीतून पुढे सरकला. एक हात कानामागे, डोळे मिटलेले. रत्नप्रभाने पदर मुठीत धरला.

आणि लगेच पुढचा अभंग सुरू झाला.

धाकूने डोळे उघडले. आधी स्पीकरकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"थांबवा," रत्नप्रभा म्हणाली. "तात्यांचं बोलणं कुठाय?"

"कुठलं बोलणं?" बाळाने विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं. "अच्छा, ते. गजरानंतर कुणीतरी म्हातारा माईकवर ओरडलाय, ते ना? ते काढलं मी. पार फाटलेला आवाज होता गं. टाळ्या, भोंग्याची शिट्टी, ते सगळं काढलं. आणि बघ ना, जोड कुठे आहे ते कळतंय का? माझं मलाही कळत नाही."

"ते तात्या होते."

बाळाच्या कपाळाला जरा आठी पडली. सासऱ्यांचा आवाज आपल्याला ओळखता आला नाही, हे त्या सोन्याच्या कानांना बहुतेक बोचलं असावं. मग तो हळू आवाजात म्हणाला, मला आधी सांगायचं नाही का.

रत्नप्रभाला हसू आलं. कडू. कितीदा सांगितलं, ते मोजून दाखवण्यात आता काय अर्थ होता? तिने एवढंच विचारलं, "कॅसेट कुठे आहे?"

कॅसेट भंगारवाल्याला गेली होती. पट्टी एकदा चालल्यावर पार झडली होती, उतरवून झाली, आता तिचं काय काम, असं बाळा म्हणाला. आणि न कापलेलं? कॉम्प्युटरमधलं? तेही नव्हतं. चांगलं तयार झाल्यावर खराब माल ठेवायचा नाही, बॅचमध्ये मिसळतो, हा त्याचा नोकरीतला नियम. हे सांगताना मात्र त्याचा आवाज पडला. हात उगाचच डबीवरून फिरत राहिला. जास्वंद कधीच सुकून गेली होती.

रत्नप्रभाचं तोंड उघडलं. सबंध संसाराचं ओठांवर आलं होतं, रेडिओपासून सुरमईपर्यंत. त्या दिवशी ते बाहेर पडलं असतं तर त्या घरात काही शिल्लक राहिलं नसतं. पण धाकू उठला. त्याने बहिणीकडे पाहून ओठ हलवले, भावोजींका काय बोलू नको. जावयाचा पाणउतारा त्यांच्या घरात कुणी केलेला नव्हता, आणि आवाज गेला म्हणून रीत गेलेली नव्हती. तो हळूहळू बाळाजवळ गेला. हात वर उचलायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याने बाळाची पाठ थोपटली, एकदा, दोनदा, लहान पोराची थोपटावी तशी.

रत्नप्रभा त्यांना खाली टॅक्सीत बसवून आली. निघताना धाकूने ओठसुद्धा हलवले नाहीत. नुसता तिच्या हातावर हात ठेवला, आणि सुगंधाने काच वर केली.

ती वर आली तर गाणं पुन्हा लागलेलं. बाळा मधल्या खुर्चीत बसला होता, मघाची पडलेली मान परत ताठ.

"बघितलंस?" तो म्हणाला. "पाठ थोपटली माझी. म्हणजे त्याला तसं काही वाटलेलं नाही. कळणाऱ्याला काम कळतं."

रत्नप्रभा स्वयंपाकघरात गेली आणि तिने फ्रिजचं बटण खाली केलं. फ्रिज हादरला, घरघरला, चालू झाला. बाहेर स्पीकरमध्ये खट् वाजलं आणि गजराच्या मागे बारीक सूंऽऽ सुरू झाली. अगं, आवाज येतोय, बाळा ओरडला. अगं, बंद कर तो. त्याने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. रत्नप्रभा फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. तिने काही ऐकलं नाही.